ज्या घरी कार्ड येतं

१८ जानेवारी

पोंगल संपला, ऊस चघळून दाढ दुखायला लागली, आणि लावण्याने परत आलेल्या कार्डांचं पोतं दुकानाच्या मधोमध ओतलं. लावण्या माझ्या धाकट्या भावाची मुलगी. चेन्नैची कॉम्प्युटरची नोकरी सोडून आली आहे आणि आमचं दुकान पुढे न्यायचं म्हणते. तंजावुरच्या पश्चिम राजवीधीवरचं हे दुकान गेल्या तीन पिढ्यांत पाऊलभरही पुढे सरकलेलं नाही, हीच त्याची ख्याती.

आम्ही श्राद्धाचं सामान विकतो. दर्भ, काळे तीळ, जानवी, गोपीचंदन, पत्रावळी. अप्पांनी, म्हणजे माझ्या वडिलांनी, एक युक्ती काढली होती. गिऱ्हाइकाचे वडील किंवा आई कुठल्या तिथीला गेली ते टिपून ठेवायचं आणि दर वर्षी उगादीच्या, म्हणजे पाडव्याच्या, आधी त्या घरी कार्ड टाकायचं: 'यंदा आपल्या तीर्थरूपांची तिथी अमुक तारखेस येते. सामान लागल्यास कळवावे.' पंचांग उघडायचे कष्ट वाचले म्हणून लोक खूश, सामान इथूनच जायचं म्हणून अप्पा खूश. मेलेलं गिऱ्हाईक दुसऱ्या दुकानात जात नाही, असं ते म्हणत.

मेलेलं जात नाही, पण जिवंत घर बदलतात. परत आलेल्या कार्डांवर पोस्टमनांचे शेरे आहेत: 'असा कोणी नाही.' 'घर पाडले.' 'जुना नंबर की नवा?' या शेवटच्या प्रश्नाला उत्तर नाही. एकदा सरकारने दारांना नवे नंबर दिले आणि जुने पुसायचे राहिले. तेव्हापासून प्रत्येक घराला दोन नंबर आहेत आणि कुठलाच लागू नाही. त्यात रस्त्यांची नावं बदलली, धाकटी पोस्टं थोरल्या पोस्टांत गेली, पिनकोडाचे शेवटचे आकडे हलले.

"काका, ही लिस्ट नाही, स्मशान आहे," लावण्या म्हणाली.

"मग? आपण काय लग्नाचं सामान विकतो?"

लावण्याची आई, भुवना वैनी, आतून हसल्या. ही माझी रोजनिशी टेबलावर उघडी असते तरी त्या वाचत नाहीत. वाचता येत नाही. घरात देवनागरी येणारा मी एकटाच उरलोय. कुलपाचा खर्च वाचला.

२५ जानेवारी

अप्पांनी यादी तिथीने लावली होती. चैत्र प्रतिपदेला गेलेले पहिल्या पानावर, फाल्गुन अमावास्येला गेलेले शेवटच्या. हयातीत एकमेकांचं तोंड न पाहिलेले दोन मिरासदार एकाच तिथीला गेले म्हणून त्या पानावर खांद्याला खांदा लावून बसले आहेत. लावण्याला हे सगळं पिनकोडाने लावायचं आहे. लाव म्हटलं. इतकी वर्षं एकत्र राहिले, आता भांडतील तरी.

यादीची वही चाळताना मध्येच निळ्या शाईचं अक्षर लागलं आणि माझं काम थांबलं. माघ महिन्यात संध्याकाळी गल्लीतली सगळी पोरं दुकानाच्या ओट्यावर कार्डं लिहायला जमायची. आतून कॉफी येई आणि भाजलेले चणे. माझं अक्षर बघून अप्पा म्हणाले, "सेतू, तू तिकिटं चिकटव. तू पत्ता लिहिलास तर कार्ड थेट यमाकडे जाईल." पत्ते लिहायची ती भागीरथी, तहसील कचेरीतल्या अनिरुद्धरावांची मुलगी. रेघ न मारता ओळ सरळ. तमिळमध्ये लिहो की इंग्रजीत, अक्षर असं की पोस्टमनने कार्ड द्यायला नको म्हणावं. ती लिहायची, मी चिकटवायचो. बोलणं फारसं होत नसे. माझी जीभ तिकिटांना लागे.

नंतर अनिरुद्धरावांची बदली झाली आणि ते पापनाशमला गेले. गाडीने जेमतेम अर्धा तास. पण तेव्हा पापनाशम फार लांब होतं.

लावण्या म्हणाली, "काका, तुम्ही तासभर एकच पान बघताय."

"अक्षर लागत नाही," मी म्हटलं.

"इतकं सुंदर तर आहे!"

हिला देवनागरी येत नाही हे बरं. इंग्रजी येतं हे वाईट.

७ फेब्रुवारी

आज अब्रू गेली, आणि हसून हसून पोट दुखलं.

पत्ते तपासायला लावण्याने जोडकार्डं छापून पाठवली होती. 'आपण अजून याच पत्त्यावर राहता का? कृपया अर्धे कार्ड फाडून कळवावे.' उत्तम कल्पना. फक्त यादीत पहिलं नाव असतं ते गेलेल्याचं, आणि कॉम्प्युटरने पहिलं नाव उचललं. त्यामुळे तंजावुरातल्या यच्चयावत कैलासवासी मंडळींना आमच्या दुकानाकडून विचारणा झाली की आपण अजून तिथेच आहात का.

उत्तरं आली, हेच मोठं. एका म्हातारीने लिहिलं, 'राहतात. रोज पहाटे खोकला ऐकू येतो.' ओरत्तनाडूच्या एका वकिलाने लिहिलं, 'पत्ता बदलला आहे. नवीन पत्ता आपल्या दुकानास ठाऊक असावा.' कुंभकोणच्या भरद्वाजांनी तीन पानं लिहिली. आमच्या अप्पांच्या आत्म्याने आता काय करावं याचं मार्गदर्शन होतं त्यात.

लावण्या रडकुंडीला आली. मी सांगितलं, "अगं, चाळीस वर्षांत आपल्या कार्डाला कोणी उत्तर दिलं नव्हतं. तू तर अस्क्यांना, मेल्या-जित्या सगळ्यांना, बोलतं केलंस."

१२ फेब्रुवारी

हसू सरलं.

आमच्या लोकांत एक रीत पडून गेली आहे. शास्त्रात नाही, कोणी ठरवलीही नाही. ज्या घरी कार्ड येतं, त्या घरी श्राद्ध होतं. भाऊ वेगळे झाले की शेतीच्या वाटणीआधी दुकानात येतात: कार्ड आता थोरल्याकडे पाठवा, किंवा धाकट्याकडे. भटजीही कार्ड बघूनच येतात. म्हणून अप्पांचा नियम कडक होता. एक गेलेला, एक कार्ड. दोन घरी गेलं की दोन घरी पिंड आणि मग कोर्ट. कॉम्प्युटरचाही नेमका हाच नियम निघाला. दोन ठिकाणी एक नाव दिसलं की तो एक उडवतो.

ज्यांचे फोन नंबर होते त्यांना लावण्याने जोडकार्ड फोनवरच पाठवलं होतं. आज अमेरिकेहून रघुपतीचं उत्तर आलं, फोनवर, अंगठा दाखवून. रघुपती म्हणजे भागीरथीचा भाऊ. न्यू जर्सीला जाऊन वीस वर्षं झाली. अनिरुद्धरावांचं कार्ड त्याच्या नावाने पापनाशमला जातं. नाव मुलाचं, पत्ता जुन्या घराचा. त्या घरी भागीरथी एकटी राहते. सरकारी शाळेत शिकवते. त्या दिवशी रजा काढते, सोवळ्यात स्वयंपाक करते, आणि व्यंकटरमण भटजी कार्ड बघून 'रघुपतीच्या वतीने' असा संकल्प सोडतात. सगळं रीतसर.

रघुपतीने लिहिलंय, 'Super idea! नवा पत्ता खाली देतो.' लावण्याने तो टाकला. मशीनने पापनाशम पुसलं.

म्हणजे यंदापासून अनिरुद्धरावांचं कार्ड न्यू जर्सीला जाणार. आणि पापनाशमच्या त्या घरी कार्ड नाही, तर भटजी नाही. भटजी नाहीत, तर तो दिवस नाही.

"पत्ता बरोबर आहे, काका. मी दोनदा तपासला," लावण्या म्हणाली.

बरोबर आहे, हीच तर पंचाईत.

१५ फेब्रुवारी

पापनाशमला जाऊन आलो. तिकडची विड्याची पानं कोवळी असतात, तंजावुरात तशी मिळत नाहीत. गाडी रिकामी होती. दोन्ही बाजूंना भात कापून झालेलं, नुसती खुंटं.

भागीरथी ओट्यावर वह्या तपासत बसली होती. चष्मा लागलाय. मान तशीच तिरकी.

"ये बा सेतू. घरी अस्के चोखट?"

पुण्याहून सरस्वती महाल ग्रंथालय बघायला येणारे पाहुणे 'सगळे बरे'ऐवजी आमचं 'अस्के' नि 'चोखट' ऐकून गालात हसतात. आजीचं लुगडं नेसून कोणी बाजारात आलं तर हसावं तसं. हसोत. तिच्या तोंडी ते ऐकलं की गल्लीतल्या दिवेलागणीचा वास येतो.

"पानं घ्यायला आलो होतो," मी म्हटलं.

"पानं बाजारात मिळतात. बाजार स्टेशनाशेजारी आहे. हे घर दुसऱ्या टोकाला."

"पाय मोकळे करत आलो."

"बरं. मग बस, पायांना विसावा दे."

तिने कॉफी केली. जुन्या गोष्टी निघाल्या. चणे कोण चोरायचं, कुणाच्या कार्डावर कुणी शाई सांडली. तिला सगळं आठवतं. मग ती सहज म्हणाली, "यंदा कार्ड कधी येणार? भटजींना आधी सांगून ठेवावं लागतं. माणसं मिळत नाहीत हल्ली."

"उगादीच्या आधी," मी म्हटलं. तोंडातून हेच निघालं.

पानं घ्यायची राहिली.

२२ फेब्रुवारी

रघुपतीला फोन लावला. माणूस वाईट नाही. वाईट असता तर सोपं झालं असतं.

"अण्णा, किती बरं वाटलं तुमचं कार्ड बघून! मी ते फ्रिजवर लावणार. मुलांना कळू दे आजोबा कोण होते."

"आणि श्राद्ध?"

"इथल्या देवळात ऑनलाइन नोंदवता येतं. सगळं करतात ते. व्हिडिओ पाठवतात."

"पापनाशमला अक्का करते ना."

"हो, पण तिला किती त्रास! आता तरी सुटेल बिचारी."

त्याला वाटतं तो तिला सोडवतोय. वडील अंथरुणाला खिळले तेव्हाही तो असंच म्हणाला होता, अक्का आहे, ती बघेल. तिने बघितलं. वर्षांमागून वर्षं बघितलं. मी काय बोलणार? यादीतल्या मालकाने पत्ता दिला, दुकानदाराने टाकला. दुकानदाराचं काम संपलं.

दिवसभर विनाकारण भुवना वैनींवर खेकसलो. त्या म्हणाल्या, "भावजी, पापनाशमची पानं आणायला जा. इथली तुम्हाला मानवत नाहीत." काय म्हणायचं होतं त्यांना कोण जाणे.

१ मार्च

पापनाशम. आज सांगितलं.

ती ऐकत राहिली. वहीवरची लाल रेघ पुरी केली, टोपण लावलं, मग म्हणाली, "त्याला हवं तर पाठव त्याच्याकडे. मुलगा आहे."

"मी काय म्हणतो, दोन पाठवतो. एक त्याला, एक गुपचूप इथे. लावण्याला सांगून मशीनला फसवू."

"गुपचूप?" ती हसली नाही. "इतकी वर्षं काय चाललंय मग? पत्ता माझा, नाव त्याचं. तिकडे फ्रिजवर लावायचंय त्याला, तर तू साधं रंगीत चित्रकार्ड पाठव. तिथीचं कार्ड इथे यायला हवं. आणि माझ्या नावाने."

"भागीरथी, मुलीच्या नावाने आजवर एकही कार्ड गेलेलं नाही."

"कारण तुझ्या यादीत मुली नव्हत्या. अनिरुद्धरावांना मात्र होती."

मी शास्त्र काढलं. रीत काढली. अप्पा काढले. ती सगळं ऐकून म्हणाली, "सेतू, तू दुकानात बसून अस्क्यांची थट्टा करतोस. कलेक्टरची करतोस, भटांची करतोस. चांगली करतोस. आता एक नाव लिहायचंय तर घाम कां फुटला?"

घाम उन्हाचा होता. फाल्गुनातही इकडे ऊन तापतं.

निघताना ती म्हणाली, "भाऊ विसरला तर मला चालेल. यादीने विसरू नये."

४ मार्च

लावण्याला भीत भीत विचारलं, मशीनमध्ये मुलीचं नाव चालतं का.

"का नाही चालणार? तिथे नुसतं 'नाव' लिहिलंय, काका."

म्हणजे मशीनला अडचण नव्हतीच. इतके दिवस मी मशीनच्या नावाने बोटं मोडत होतो.

रघुपतीला फोन करून सांगितलं. तो म्हणाला, "अक्काला हवंय? तिने मला कधी सांगितलं नाही." तू कधी विचारलंस, असं जिभेवर आलं होतं. गिळलं. वय झालं. "तिच्याच नावाने पाठवा," तो म्हणाला. आवाज जरा ओला होता, किंवा फोन खराब.

दुपारी कार्डं टपालात गेली. सगळ्या कार्डांवर मशीनने छापलेले पत्ते. एका कार्डावर छापलेला कागद मी खरवडून काढला आणि हाताने लिहिलं: भागीरथी, अनिरुद्धरावांची कन्या. लावण्या म्हणाली, "काका, तुमचं अक्षर पोस्टमनला लागेल का?" लागेल. चार वेळा लिहून पाहिलं होतं.

२९ मार्च

उगादी होऊन गेली. कार्ड पोचलं, आणि त्याचा बोभाटाही पोचला.

आज व्यंकटरमण भटजी दुकानात आले. दर्भाच्या जुड्या उलटसुलट करत बसले. दर्भ घ्यायला आलेले नाहीत हे कळत होतं.

"सेतुमाधवराव, तुम्ही हे काय करून बसलात?"

"कार्ड पाठवलं. माझा धंदा आहे."

"मी मंत्र म्हणेन हो. अनिरुद्धराव माझ्या वडिलांचे मित्र. धर्माच्या बाबतीत कुठे ना कुठे वाट असतेच. पण पानावर कोण बसणार? दोघं ठरले होते. कार्डावर बाईचं नाव बघितलं आणि एकाचं पोट बिघडलं, दुसऱ्याला त्रिचीला काम निघालं."

श्राद्धाला पितरांच्या जागी ब्राह्मण जेवायला बसवतात. त्या दिवसापुरता तोच त्या घरचा गेलेला बाप. असली पानं जेवायला हल्ली तसंही कोणी येत नाही. त्यात हे.

"मग?"

"देवांच्या जागी दर्भ ठेवून भागवतो. बापाच्या जागी माणूस पाहिजे. माणूस नाही, तर श्राद्ध नाही. पुढच्या आठवड्यात मंगळवारची तिथी आहे, तुम्हीच लिहिलीत." त्यांनी माझ्याकडे बघितलं. "तुमची मुंज झाली आहे. संध्या करता?"

"आठवण झाली की."

"गोत्र अनिरुद्धरावांचंच नाही ना? एकच असेल तर नाही चालायचं."

"नाही. वेगळं आहे."

"नक्की? विचारून सांगा."

विचारायची गरज नव्हती. आमची गोत्रं वेगळी आहेत, जुळण्यासारखी आहेत, हे अप्पांनी एका माघात दुसऱ्याच कामासाठी बघून ठेवलं होतं. त्याच महिन्यात अनिरुद्धराव अंथरुणाला खिळले आणि ते काम तिथेच राहिलं. पण हे भटजींना कशाला सांगू?

"नक्की," मी म्हटलं.

८ एप्रिल

काल लिहिता आलं नाही. पानावर बसलेल्याने त्या दिवशी लेखन-वाचन करू नये असं भटजी म्हणाले. आज लिहितो.

मी पाटावर बसलो. भटजींनी सांगितलं, आता तुम्ही सेतुमाधव नाही. भागीरथीने माझे पाय धुतले. तिच्या केसांत पांढरं बरंच आहे. तिने मान वर केली नाही. मीही छताकडे बघत राहिलो. छत चांगलं आहे, सागवानी.

मग पान वाढलं. कच्च्या केळ्याची भाजी, कारलं, उडदाचे वडे, खीर. भटजींनी आणखी एक नियम सांगितला: जेवताना बोलायचं नाही. चांगलं म्हणायचं नाही, वाईट म्हणायचं नाही. वाढणाऱ्याने विचारायचं नाही, जेवणाऱ्याने सांगायचं नाही. जन्मात इतका वेळ मी गप्प बसलो नसेन. वडा तोंडात घातला आणि सांगावंसं वाटलं. बरंच काही सांगावंसं वाटलं. ती समोर वाढत होती, पानात काय सरलं ते मी न सांगताच तिला कळत होतं. मी खाली बघून जेवलो.

शेवटी भटजी म्हणाले, "बाई, आता विचारा. विचारल्याशिवाय पुरं होत नाही."

तिने हात जोडले. मला उभ्या आयुष्यात कधी अहो-जाहो केलं नव्हतं तिने. म्हणाली, "तुम्ही तृप्त झालात का?"

याला उत्तर एकच आहे, आधीपासून ठरलेलं. नाही म्हणायची सोय नाही. भटजी वाट बघत होते. ती बघत होती. मला वाटतं तिथे क्षणभर अनिरुद्धरावही बघत असावेत.

"तृप्त झालो," मी म्हटलं. आवाज नीट निघाला नाही. वडे तिखट होते.

संध्याकाळच्या गाडीने निघावं म्हणून चपला घातल्या तर भटजी ओरडले, "अहो, आज प्रवास नाही! पानावर बसलेल्याने गाव सोडायचं नाही." रात्री त्यांच्याकडे झोपायचं ठरलं. तोवर भागीरथीच्या ओट्यावर बसलो. दुसऱ्यांदा जेवायला बंदी होती, बोलायला नव्हती. अंधार पडेपर्यंत बोललो. काय बोललो ते लिहीत नाही, विशेष काही नव्हतं.

उठताना ती म्हणाली, "पुढच्या वर्षी कार्ड पाठवू नको."

मी घाबरलो. "कां? काही चुकलं?"

"तू येऊन सांग. तिथी कधी आहे ते. आणि मधे पानं संपली तर तेव्हाही ये."

आज दुपारी घरी आलो. लावण्याला म्हटलं, पापनाशमचं ते नाव यादीतून काढून टाक.

"काढू? पत्ता चुकलाय का?"

"नाही," मी म्हटलं. "बरोबर आहे. म्हणूनच."